घरगुती वेल्डिंग मशीन: वीजमीटरपासून पहिल्या कूलर स्टँडपर्यंत

फेब्रुवारी सरत आला की सोलापुरातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानांसमोर कूलरचे स्टँड, खिडक्यांच्या जाळ्या आणि पत्र्याच्या शेडसाठी कापलेले अँगल रचलेले दिसायला लागतात. हंगाम सुरू झालेला असतो आणि मिस्त्रीकडे छोट्या कामाला वेळ नसतो. फाटकाचं बिजागर निखळलंय, कपडे वाळत घालायच्या स्टँडचा एक पाय सुटलाय, शेतावरच्या पंपाच्या पेटीला कडी लावायचीय. एवढ्याशा कामासाठी दुकानात खेटे घालावे लागतात. म्हणून घरी एखादं लहान मशीन घ्यावं असं बऱ्याच जणांना वाटतं. हातानं काही करायची आवड असेल तर जरूर घ्यावं. हे काम शिकता येतं, आणि नीट क्रमानं शिकलं तर लवकर येतं.

फक्त सुरुवात मशीनच्या किमतीपासून करू नका. सुरुवात घरच्या विजेपासून करा. वेल्डिंगमध्ये शेवटी रॉडच्या (वितळून जोड भरणाऱ्या कांडीच्या) टोकाशी किती करंट पोहोचतो यावर सगळं ठरतं, आणि तो करंट तुमच्या मीटरमधून, तुमच्या वायरमधून येतो.

आधी मीटर, मग मशीन

महावितरणचं बिल काढा आणि त्यावर ‘मंजूर भार’ किती लिहिलाय ते बघा. एक-दोन किलोवॅट असेल तर तिथेच थांबून थोडं गणित करायला हवं.

घरगुती कामात सगळ्यात जास्त लागतो तो 2.5 मिलिमीटरचा रॉड. तो साधारण 80 ॲम्पिअरवर चालतो. त्या वेळी आर्कचं, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यात पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीचं, व्होल्टेज 23 च्या आसपास असतं, म्हणजे रॉडच्या टोकाशी सुमारे 1.8 किलोवॅट खर्च होतात. मशीनमध्ये वाया जाणारी वीज आणि साध्या इन्व्हर्टर मशीनचा (म्हणजे इलेक्ट्रॉनिक वेल्डिंग मशीनचा, घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे) कमी पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटचा पूर्ण उपयोग न होणं, धरला, तर 230 व्होल्टच्या लाइनमधून 13-14 ॲम्पिअर ओढले जातात. घरातल्या 16 ॲम्पिअरच्या पॉवर सॉकेटला हे जेमतेम झेपतं. 3.15 मिलिमीटरचा रॉड 110 ॲम्पिअरवर लावला की हाच आकडा 20 च्या घरात जातो. आता ते सॉकेट चालणार नाही. प्लग तापेल, पिना काळ्या पडतील, आणि एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडली तर ती तिचं कामच करत असेल. मोठी एमसीबी टाकून तिचं तोंड बंद करू नका, कारण मग भिंतीतली वायर तापते.

त्यामुळे पहिला खर्च इलेक्ट्रिशियनचा. मेन बोर्डापासून कामाच्या जागेपर्यंत 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर ओढून घ्या. तिला 25 ॲम्पिअरची एमसीबी, 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि शेवटी 32 ॲम्पिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट बसवा. अर्थिंग खरंच जोडलेलं आहे का ते मोजून घ्या. जुन्या घरांत तिसऱ्या पिनेचं भोक असतं पण मागे वायरच नसते. मंजूर भार कमी असेल तर वाढवण्याचा अर्ज महावितरणकडे करा. हे सगळं मशीन घरी येण्याआधी झालेलं असावं.

व्होल्टेजही बघा, आणि दुपारी नव्हे, संध्याकाळी सात ते नऊ या वेळात. शेजारपाजारचे कूलर, पंप, एसी चालू असताना मल्टिमीटर 190 दाखवत असेल तर तुमचं मशीन त्या व्होल्टेजवर चालणारं हवं. चांगल्या इन्व्हर्टर मशीनच्या माहितीपत्रकात ते किमान किती व्होल्टवर चालतं हे लिहिलेलं असतं. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, कागदावर वाचा.

एक्स्टेन्शन बोर्डाबद्दल एवढंच: घरात टीव्हीला लावतो तो नको. 1.5 चौरस मिलिमीटरच्या 30 मीटर वायरीत 16 ॲम्पिअर करंटला जवळजवळ 13 व्होल्ट नुसते वायरीतच पडतात. 4 चौरस मिलिमीटरची असेल तर पाचच्या आत राहतात. आणि वायर गुंडाळलेली ठेवून काम करू नका, पूर्ण उलगडा. गुंडाळीत ती तापते आणि आतलं इन्सुलेशन वितळतं.

कोणतं मशीन

जुन्या दुकानांत जमिनीवर बसलेलं, हुंकार देणारं, उचलायला दोन माणसं लागणारं ट्रान्सफॉर्मर मशीन तुम्ही पाहिलं असेल. ते दणकट असतं, धुळीत चालतं, गल्लीतला वाइंडिंगवाला ते दुरुस्त करतो. पण त्याची भूक घरच्या सिंगल फेज मीटरला परवडणारी नाही. वर्कशॉपसाठी ठीक, घरासाठी मी ते सुचवणार नाही.

मिग मशीनमध्ये रॉडऐवजी वायरचं रीळ असतं. पातळ पत्र्यावर ते फार सुंदर चालतं आणि हातही लवकर बसतो. पण गॅसवर चालणाऱ्या मिगला सिलिंडर, रेग्युलेटर, भरून आणण्याची धावपळ आली, आणि गच्चीवर किंवा अंगणात वारा सुटला की गॅस उडून जातो आणि जोडात भोकं पडतात. बिनगॅसच्या फ्लक्स वायरचा पर्याय आहे, पण वायर महाग पडते. टिग हे स्टेनलेस आणि बारीक कामाचं तंत्र आहे. त्याकडे नंतर या.

पहिलं मशीन म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आयजीबीटी (वेगानं चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) तंत्रावरचं सिंगल फेज इन्व्हर्टर आर्क मशीन, म्हणजे साध्या रॉडचं. वजन पाच-सात किलो, खांद्याला अडकवून गच्चीवर नेता येतं, आणि डीसी करंट देत असल्यामुळे आर्क स्थिर राहतो.

आता बाजारातली एक गंमत नीट समजून घ्या, कारण पैसे इथेच वाया जातात. मशीनवर मोठ्या अक्षरात ‘200’ लिहिलेलं असतं. 200 ॲम्पिअरला आर्कचं व्होल्टेज 28 धरतात, म्हणजे बाहेर पडणारी शक्ती झाली 5.6 किलोवॅट. त्याच मशीनला जर 16 ॲम्पिअरचा साधा तीन पिनांचा प्लग लावलेला असेल, तर त्यातून जास्तीत जास्त 3.7 किलोवॅटच आत जाऊ शकतात. आत 3.7 आणि बाहेर 5.6 असं कोणतंच यंत्र करू शकत नाही. म्हणून रंगवलेला आकडा सोडा आणि मागच्या बाजूची पट्टी वाचा. तिथे इनपुट करंट, इनपुट व्होल्टेज आणि ड्यूटी सायकल दिलेलं असतं. ती पट्टीच नसेल तर मशीन खाली ठेवा. घरच्या कामाला खरे 140-160 ॲम्पिअर मिळाले तरी भरपूर झाले.

ड्यूटी सायकल म्हणजे दहा मिनिटांत किती मिनिटं सलग आर्क चालवता येईल. 160 ॲम्पिअरला 60 टक्के म्हणजे सहा मिनिटं काम, चार मिनिटं विश्रांती. हे माप 40 अंश तापमान धरून काढलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त असतो. त्यामुळे पट्टीवरचे सहा मिनिटं सोलापुरी उन्हाळ्यात सहा भरत नाहीत. थर्मल दिवा (मशीन जास्त तापल्याची खूण) लागला तर मशीन बंद करू नका, चालूच ठेवा, म्हणजे आतला पंखा फिरत राहून ते थंड होईल. खरं तर उन्हाळ्यात काम सकाळी दहाच्या आत उरकावं, मशीनसाठीही आणि माणसासाठीही.

दुकानात रॉड चालवून दाखवायला सांगा. 3.15 चा अख्खा रॉड न अडखळता जळतो का, हॉट स्टार्ट (पेटवताना क्षणभर जास्त करंट) आणि अँटी-स्टिक (रॉड चिकटला की करंट कमी होणं) खरंच आहे का, हे दोन मिनिटांत कळतं. सोबत आलेल्या केबल हातात घेऊन बघा. स्वस्त मशीनबरोबर बहुधा बारीक आणि आखूड केबल येतात, आतली तार तांब्याची नसते. 16 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल तीन-चार मीटर वेगळी घेतली तर त्याच मशीनचं काम सुधारतं. दुरुस्ती शहरात होते का, की आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड बाहेरगावी पाठवावं लागतं, हेही विचारा. पक्कं बिल घ्या.

मशीनइतकाच खर्च डोळ्यांवर करा

हँडलची काळी ढाल स्वस्तात मिळते, पण शिकणाऱ्याला ती नडते. एका हातात होल्डर, एका हातात ढाल, मग काम धरायला हातच राहत नाही, आणि ढाल समोर आणताना रॉड जागेवरून सरकतो. त्याऐवजी डोक्यावर बसणारं ऑटो-डार्कनिंग हेल्मेट घ्या. आर्क पेटताच काच आपोआप काळी होते. 2.5 आणि 3.15 च्या रॉडला 10 किंवा 11 नंबरचा शेड (काचेचा काळेपणा) ठेवा. गॉगल घालून वेल्डिंग करणारी माणसं रस्त्याकडेला दिसतात. त्यांचं बघून शिकू नका.

उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिला तर त्रास लगेच होत नाही. काही तासांनी, बहुतेक वेळा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजलेला असतो. यावर बटाट्याचे काप, दूध, मध असलं काही डोळ्यांत घालू नका. दुकानातून बधिर करणारे थेंब आणून वारंवार टाकणं तर घातकच, त्यानं बुबुळ भरून यायला अडथळा होतो. नेत्रतज्ज्ञाकडे जा. आणि हे फक्त तुमच्यापुरतं नाही: चुन्यानं रंगवलेल्या भिंतीवरून तो प्रकाश परततो, आणि गल्लीतली पोरं ‘फटाके’ बघायला जमतात. आडोसा करा, तोही पत्र्याचा. घरात चादरी पुष्कळ असल्या तरी सुती चादर आडोशाला लावू नका, ठिणगीनं सूत धुमसत राहतं.

अंगात पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, सुती पँट, पायात चामड्याचे बंद बूट. टेरिकॉट आणि पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. चप्पल घालून बसू नका. हातात कोपराकडे जाणारे चामडी मोजे घाला आणि ते कोरडे ठेवा. एप्रिल-मेमध्ये घामानं मोजे आणि शर्ट ओले होतात. काम न करता मशीन नुसतं चालू असतं तेव्हा होल्डरवर 60-80 व्होल्ट असतात, आणि घामेजलेल्या अंगाला ते पुरेसे असतात. पायाखाली कोरडी लाकडी फळी घ्या, आणि मोज्यांची दुसरी जोडी जवळ ठेवा.

जागा

फरशीवर किंवा मातीवर, उघड्या हवेत, पण सोसाट्याच्या वाऱ्यात नाही. आजूबाजूला दहा मीटरपर्यंत जळण्यासारखं काही नको. सोलापूरच्या पूर्व भागात घर आणि यंत्रमाग शेजारी-शेजारी किंवा एकाच छताखाली असतात. तिथे मागाच्या खोलीत किंवा तिच्या दाराशी वेल्डिंग करू नका. छताच्या वाशांवर आणि मागाखाली साचलेले सुताचे तंतू एका ठिणगीनं पेट घेतात, आणि आग तंतूंवरून धावत जाते. मागाचा एखादा भाग जोडायचाच असेल तर तो सोडवून बाहेर आणा. बाजूला पाण्याची बादली आणि वाळू ठेवा, पण मशीन पेटलं तर पाणी नको, आधी एमसीबी पाडा. काम संपल्यावर अर्धा तास त्या जागेवर लक्ष ठेवा. धुमसणारं कापूस किंवा लाकूड उशिरा भडकतं.

तेच तंतू मशीनच्या पंख्यातही अडकतात. ग्राइंडरची लोखंडी धूळ आत गेली तर कार्डावर शॉर्ट होतो. ग्राइंडर आणि मशीन यांच्यात अंतर ठेवा आणि महिन्यातून एकदा प्लग काढून ब्लोअरनं हवा मारा.

रॉडबद्दल

बाजारात रॉड गेजच्या नंबरानं मागतात: 12 नंबर म्हणजे 2.5 मिमी, 10 नंबर म्हणजे 3.15, 8 नंबर म्हणजे 4. घरासाठी 12 नंबर घ्या, आणि सोबत पातळ पाइपसाठी 2 मिमीचा एक पुडा. पुड्यावर ई 6013 लिहिलेलं आणि आयएस 814 चा आयएसआय शिक्का बघा. ॲडॉर, ईसॅब, डी अँड एच यांसारख्या कंपन्यांचे रॉड सगळीकडे मिळतात. सुटे, बिनपुड्याचे, कडा उडालेले रॉड स्वस्त म्हणून घेऊ नका. शिकणाऱ्याला दोष हाताचा की रॉडचा हे कळतच नाही.

7018 हा जास्त ताकदीचा रॉड आहे, पण तो भट्टीत तापवून कोरडा ठेवावा लागतो आणि पेटवायला अवघड. सुरुवातीला नको. 6013 ला एवढे लाड लागत नाहीत, तरी जून ते सप्टेंबर ते झाकणाच्या घट्ट डब्यात ठेवा. रॉड दमट झाला की तो तडतडतो आणि जोडात बारीक छिद्रं पडतात.

करंटचे आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत: 2 मिमीला 40 ते 60 ॲम्पिअर, 2.5 ला 60 ते 90, 3.15 ला 90 ते 130. मधला आकडा धरून सुरुवात करा, मग जोड बघून पाच-पाचनं वर-खाली करा.

हात बसवणं

भंगारवाल्याकडून पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीचे तुकडे किलोवर आणा. पातळ पत्र्यावर शिकायला बसू नका, तो पेटताच भोक पडतं आणि मन खट्टू होतं. पट्टीवरचा गंज, रंग, ग्रीस ग्राइंडरनं घासून लोखंड चकचकीत करा. ग्राइंडरचं गार्ड काढू नका, आणि डोळ्यांवर साधा पारदर्शक चष्मा हेल्मेटखालीही राहू द्या, कारण स्लॅग (जोडावर जमणारी कडक साल) ठोकताना तुकडे उडतात.

अर्थिंग क्लॅम्प थेट त्या पट्टीला, चकचकीत जागी लावा. रॉडचा पुडा सांगेल त्याप्रमाणे केबल प्लस-मायनसला जोडा. 6013 दोन्हीकडे चालतो. होल्डर मायनसला ठेवला तर पातळ पत्रा कमी फुटतो.

आता मशीन बंद ठेवूनच सराव करा. बसा, कोपर मांडीवर किंवा टेबलावर टेकवा, केबलचा भार हातावर येऊ नये म्हणून ती मांडीवरून घ्या, आणि पट्टीवर खडूनं मारलेल्या रेघेवरून रॉडचं टोक हळूहळू ओढा. इथे एक गोष्ट पहिल्यापासून अंगवळणी पाडा: रॉड जळत जातो तसा तो आखूड होतो, म्हणून हात पुढे सरकता-सरकता खालीही यायला हवा. नवशिक्याचा हात एकाच उंचीवर राहतो, आर्क लांब होत जातो आणि विझतो. सगळ्यात जास्त वेळ याच सवयीला लागतो.

मशीन चालू करा, 80 वर ठेवा. रॉडचं टोक पट्टीवर घासून लगेच दोन-तीन मिलिमीटर वर उचला. चिकटला तर घाबरू नका, हेल्मेट न काढता मनगट वळवून सोडवा. सुटत नसेल तर होल्डरची दांडी दाबून रॉड सोडून द्या. पहिले काही रॉड नुसत्या पेटवण्यात घालवा: पेटव, पाच सेकंद धर, विझव.

आर्क टिकायला लागला की पुढची पायरी बघण्याची आहे. सुरुवातीला काचेतून फक्त तळपणारा ठिपका दिसतो आणि नजर त्यावरच खिळते. ठिपक्याकडे बघू नका. त्याच्या लगेच मागे, मुगाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, चकाकत हलणारा लोखंडाचा रस दिसेल. रसाच्या मागच्या काठावर दुधावर साय धरते तसा गडद तांबूस थर येत असतो, तो स्लॅग. रस आणि साय वेगळी ओळखू यायला लागली की तुम्हाला वेल्डिंग यायला लागलं असं समजा, कारण मग हात आपोआप रसाच्या गतीनं चालतो. साय रसाच्या पुढे धावायला लागली, टोकाखाली शिरली, तर स्लॅग आत अडकणार. तेव्हा आर्क आखूड करा, रॉड जरा जास्त तिरपा करा, नाही जमलं तर पाच ॲम्पिअर वाढवा.

आर्कची लांबी रॉडच्या तारेच्या जाडीएवढी, म्हणजे अडीच-तीन मिलिमीटर. रॉड जाण्याच्या दिशेनं 15-20 अंश कलता ठेवा आणि ढकलू नका, ओढत न्या. आवाजावर कान ठेवा. बरोबर आर्कचा आवाज तेलात काही तळताना येतो तसा एकसारखा असतो, लांबला की फुसफुस सुरू होते आणि ठिणग्या वाढतात. 350 मिलिमीटरचा रॉड साधारण मिनिटभर चालतो. जोडाची रुंदी सहा-सात मिलिमीटर भरली म्हणजे वेग बरोबर आहे.

स्लॅग ठोका, ब्रश मारा आणि जोड वाचा. दोरीसारखा वर चढलेला, कडेला न चिकटलेला जोड म्हणजे करंट कमी. सपाट पसरलेला, दोन्ही कडांना खाच पडलेली, रॉड शेवटी लाल झालेला म्हणजे करंट जास्त. बारीक छिद्रं म्हणजे ओला रॉड, लांब आर्क किंवा रंग-गंज राहिलेली पट्टी. कुठे जाड कुठे बारीक म्हणजे वेग अस्थिर. दर रॉडनंतर हे बघा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

आडव्या रेघा जमल्या की एकाला लागून एक जोड टाकून पट्टी भरून काढा, मग दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून, आणि त्यानंतर उलट्या टी आकारात काटकोनात उभी करून जोडा. टी जोड एकाच बाजूनं केला की तो शेगड्यात म्हणजे व्हाइसमध्ये धरा आणि उभी पट्टी हातोड्यानं जोडाच्या बाजूला पाडा, जोड तुटेपर्यंत. आतली बाजू उघडी पडते. मुळाशी चकचकीत दाणेदार लोखंड दिसलं तर जोड खरा. मुळाशी पट्टीची कापलेली कड जशीच्या तशी दिसली, तर वरून कितीही देखणा असला तरी तो नुसता वर चिकटलेला आहे. ही परीक्षा टाळू नका. बाहेरून सुंदर दिसणारे किती जोड आतून पोकळ निघतात हे हातानं फोडल्याशिवाय पटत नाही.

स्क्वेअर पाइप त्यानंतर. 16 गेज म्हणजे 1.6 मिलिमीटर, 18 गेज म्हणजे 1.2. इथे 2 मिमीचा रॉड, 45-50 ॲम्पिअर, फट अजिबात नको, आणि सलग न जाता सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचे तुकडे टाकत, लाली उतरू देत पुढे जा. शक्य असेल तिथे वरून खाली या.

शिस्तीत शिकायचं असेल तर आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा असतो. एवढा वेळ नसेल तर ओळखीच्या मिस्त्रीजवळ काही दिवस उभं राहून त्याचा हात बघा, आणि आपल्या तुकड्यांवर त्याचं मत घ्या. जाणता माणूस जोड उलटून पाहतो आणि चूक लगेच सांगतो.

काय करायचं नाही

झोपाळ्याची कडी, जिना, गॅलरीचं रेलिंग, मोटारसायकलची चासी, ट्रॉलीचा हुक: ज्याच्या तुटण्यानं माणूस पडेल असं काम अनुभवी मिस्त्रीकडेच द्या. डिझेलचा किंवा तेलाचा ड्रम, रिकामी टाकी, कोणताही बंद डबा धुऊन घेतला तरी वेल्ड करू नका. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो. गाडीवर किंवा ट्रॅक्टरवर काम असेल तर आधी बॅटरी सोडा आणि क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो.

जीआय पाइप आणि नव्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो. तो जळला की पांढरा धूर निघतो, आणि काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. दूध प्यायल्यानं तो टळत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंचा थर घासून काढा, वारा पाठीवर किंवा बाजूनं घ्या, डोकं धुराबाहेर ठेवा.

पहिलं काम: कूलरचा स्टँड

जमिनीवर ठेवायचा, 25 × 25 × 3 मिमी अँगलचा. सहा मीटरच्या एका अँगलमध्ये अख्खा बसतो. वरच्या चौकटीला 60 सेंटीमीटरचे दोन आणि 45 चे दोन तुकडे, 55 चे चार पाय, खाली बाजूंना 45 चे दोन आणि मागे 60 चा एक आडवा. बेरीज 580 सेंटीमीटर, उरलेले 20 कापण्यात जातात. वजन साडेसहा किलोच्या आत. कापण्याआधी तुमच्या कूलरचा तळ मोजा. तो आतून 59 × 44 मध्ये बसायला हवा, नाहीतर मापं बदला.

चौकटीचे कोपरे 45 अंशांत कापा. अँगलचं एक पान आडवं आत आणि एक पान वर उभं ठेवा, म्हणजे चारी बाजूंनी काठ तयार होतो आणि कूलर घसरत नाही. चौकट सपाट फरशीवर मांडा आणि प्रत्येक कोपऱ्याला फक्त एक टाका (तात्पुरता छोटा जोड) मारा. आता कर्ण मोजा. 60 आणि 45 च्या चौकटीचा कर्ण बरोबर 75 सेंटीमीटर येतो, दोन्हीकडून. एकीकडे 74.5 आणि दुसरीकडे 75.5 आला तर हातोड्यानं लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हलका ठोका. टाके असेपर्यंतच हे जमतं.

पूर्ण जोड घेताना ओळीनं चार कोपरे घेऊ नका. एक कोपरा, मग त्याच्या समोरचा, मग उरलेले दोन. लोखंड थंड होताना जोडाच्या बाजूला आखडतं, आणि एकाच बाजूनं काम केलं तर चौकट पतंगासारखी वाकडी होते. 75-80 ॲम्पिअर पुरेत. अँगलच्या कडेला पोहोचताना वेग वाढवा, कड लवकर वितळते.

चौकट उलटी ठेवून पाय कोपऱ्यांवर उभे करा, दोन्ही बाजूंनी गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून तपासा, टाके मारा, पुन्हा गुण्या लावा. खालचे आडवे तुकडे पायांमधलं अंतर प्रत्यक्ष मोजून मगच कापा. स्लॅग पूर्ण काढा, टोकदार कडा घासा, रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर ऑइल पेंटचे दोन. स्लॅगवर मारलेला रंग पहिल्याच पावसाळ्यात पापुद्र्यासकट सुटतो आणि खालून गंज येतो.

कूलरमध्ये 50 लिटर पाणी भरलं की तेवढेच 50 किलो, त्यावर कूलरचं वजन. पहिल्या दिवशी टाकी अर्धी भरा, हातानं चारी बाजूंनी रेटून बघा आणि प्रत्येक जोडाकडे जवळून पाहा. स्टँड डुलत असेल तर मागच्या दोन पायांमध्ये 25 × 5 ची एक तिरपी पट्टी टाका, आणि मगच टाकी पूर्ण भरा.